पाय ओलांडायचा नसतो

(सेंट हेलेना बेट, साउथ कॅरोलायना. अर्लीन मावशींचं स्वयंपाकघर. टेबलावर भेंडीचं सूप निवतंय, शेजारी लॅपटॉप.)

मावशी : थांबव जरा. ती पिवळ्या रुमालातली बाई कोणाघरची?

ओडेल : कोणाघरचीच नाही, मावशी. मशिनने केलीय.

मावशी : आणि मागचा दाढीवाला?

ओडेल : तोही. सगळेच. सिनेमा घेणाऱ्या कंपनीने एआयला सांगितलं, बेटावरचं जुनं प्रार्थनाघर, गोल धरून शाउट, म्हणजे गात-फिरत प्रार्थना, करणारी आपली काळी माणसं. दुपारपर्यंत तयार.

विनेटा : माझ्या सिनेमातला प्रसंग, आणि मलाच न विचारता.

ओडेल : कंपनीने केलाय, मी नाही. मी निर्माता म्हणून नुसता निरोप्या. तू शूटिंगला तीन दिवस मागितलेस, ते म्हणाले एक दुपार पुरते. आणि वाईट झालंय का? उजेड बघ.

मावशी : उजेड छानच आहे. आमच्याकडे एवढा कधी नव्हता. परत लाव... बंद कर.

विनेटा : काय झालं?

मावशी : त्या बाईने पायावर पाय टाकला.

ओडेल : कुठे?

मावशी : डोळे आहेत की बटणं? वळताना. शाउटमध्ये पाय जमिनीला घासत सरकवायचा. ओलांडायचा नसतो. ओलांडला की तो नाच झाला, आणि प्रार्थनाघरात नाचत नाहीत. नऊ वर्षांची असताना माझा ओलांडला, तर आईने सगळ्यांदेखत बाकावर बसवलं होतं मला.

ओडेल : पण हे कळणार किती जणांना?

मावशी : आज मला कळलं. मी गेल्यावर?

विनेटा : बोल की आता. उद्याची पोरं हाच सिनेमा बघून शाउट शिकतील. चुकीचा शिकतील, आणि तोही आपल्या नावावर.

ओडेल : मग पाय दुरुस्त करून मागू.

विनेटा : आणि पुढची चूक? मावशीने जन्मभर मशिनच्या वह्या तपासत बसायचं? ते दृश्य माझ्या सिनेमात जाणार नाही.

ओडेल : शुक्रवारी सिनेमा दिला नाही तर कंपनी हात वर करेल. सहा वर्षं घातलीस गं.

विनेटा : माहितीये. मलाही भीती वाटते, ओडेल. पण हे खोटं गेलं तर इथे तोंड कसं दाखवू? रविवारी शूटिंग. एक कॅमेरा, मीच धरते.

ओडेल : माणसं कुठेत? शाउट येणाऱ्या पाच बाया उरल्यात, त्यात दोघींचे गुडघे गेलेले.

मावशी : त्यातली एक मी. बाकावर बसून काठी आपटेन, ताल तर द्यायचाय. तू कंपनीला फोन कर. म्हणावं, रविवारनंतर मिळेल.

ओडेल : नाही म्हणाले तर?

विनेटा : दुसरीकडे विचारू. कोणीच नाही घेतला तर चर्चच्या भिंतीवर दाखवू.

ओडेल : तुम्ही दोघी काही ऐकणार नाही. करतो फोन. पण तीन बायांचा गोल कसला होतोय?

मावशी : चौथा तू.

ओडेल : मला येत नाही, मावशी.

मावशी : म्हणूनच. ऊठ, टेबल सरकव.