कार्डापुरता फोटो

आई : हलू नको म्हनलीस, दम बी धरून ठिवू का?

विशाखा : दम घे गं, आई. तोंड तेवढं सरळ ठेव. आणि पदर नीट घे.

आई : हाय की पदर. तुझ्या वाचनालयाच्या कार्डावर एवढुसा फोटू. त्यात पदर कोन बघतंय?

विशाखा : मी बघते. सगळ्या चाकूरची कार्डं मीच करते.

आई : मंग घरच्या मान्साला एवढा उशीर?

विशाखा : तू कधी फोटो काढू दिलास का? हं, आता बोलू नकोस. हलू नकोस म्हटलं ना!

आई : झालं का?

विशाखा : थांब जरा. पहिलं पुस्तक कोणतं देऊ, ते सांग.

आई : लातूरला क्लासात तू दिसभर वाचायचीस, त्यातलं दे. जोडाक्षरं कमी आसलेलं.

विशाखा : क्लासात मी बायोलॉजी वाचायचे.

आई : हाव, हाव. बायोलॉजी!

विशाखा : हसतेस काय? अगं बाई, हा तर व्हिडिओ चालू झालाय. राहू दे, उद्या काढू.

आई : उद्या तर उद्या. चल, भाकरी थापायच्या हायत.

(बारा दिवसांनी. लातूर, गुलाम रसूल यांचा फोटो स्टुडिओ.)

गुलाम रसूल : उद्या काढू म्हणालीस, आणि…

विशाखा : दुसऱ्या दिवशी सकाळीच गेली, चाचा. छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही.

गुलाम रसूल : या अल्लाह. दुसरा एकही फोटो नाही?

विशाखा : आधार कार्डावरचा आहे, त्यात घाबरलेली दिसते. लग्नातले किल्लारीला ढिगाऱ्यात गेले. भूकंपानंतर कोण कोण फोटोवाले यायचे, म्हणायचे, बाई, जरा रडा. तेव्हापासून कॅमेरा दिसला की ती तोंड फिरवायची.

गुलाम रसूल : मग हेच बघू. मूळ क्लिप दोन जागी जपून ठेवलीय, तिला हात लावणार नाही. नक्कल सॉफ्टवेअरमध्ये घेतो. तेवीस सेकंद आहेत, सेकंदाला तीस फ्रेमा. सगळ्या घेतल्या तर माझा हा म्हातारा कॉम्प्युटर बसकण मारेल. दर पाचवी घेऊ.

विशाखा : म्हणजे एकशे अडतीस.

गुलाम रसूल : वा! हे बघ, प्रत्येक फ्रेमचा एक लेयर झाला. पत्त्यांसारखे एकावर एक. बाजूचं हे डोळ्याचं चिन्ह बंद केलं की वरचा लपतो, खालचा दिसतो.

विशाखा : सगळ्यांत ती सारखीच. खांबासारखी.

गुलाम रसूल : फोटो समजून उभी राहिली ना, बिचारी. हा चांगलाय. डोक्यावर पदर, नजर समोर.

विशाखा : माझ्या वडिलांना, अण्णांना, असाच हवाय. परवा कार्यक्रमाला पाहुणे येणार, पदर डोक्यावर पाहिजे म्हणाले. पण चाचा, भिंतीवर हा लागला तर मला रोज परकी बाई दिसेल. शेवटी ती हसली होती. ते कुठंय?

गुलाम रसूल : हसताना हलली, म्हणून घेतलेल्या फ्रेमा पुसट आल्यात. मधल्या चार-चार आपण सोडल्यात ना! शेवटचे दोन सेकंद पूर्ण घेतो. साठ फ्रेमा. पुसट… ही पण पुसट… ही बघ!

विशाखा : हीच.

गुलाम रसूल : पण पदर खांद्यावर आलाय. म्हणशील तर त्या फोटोतला पदर कापून इथं डोक्यावर बसवतो. अण्णांनाही कळायचं नाही.

विशाखा : नको. आहे तशी राहू दे.

गुलाम रसूल : हे हसू मी ओळखतो, बेटा.

विशाखा : कसं काय? परीक्षेच्या फॉर्मला फोटो काढायला आम्ही एकदाच आलो होतो.

गुलाम रसूल : तू एकदा आलीस. तुझी आई दुसऱ्या वर्षी रोज यायची. दुपारी, डबा घेऊन. या काचेपाशी उभी राहायची. समोर काय दिसतंय तुला?

विशाखा : वाचनालय.

गुलाम रसूल : तिसरी खिडकी. तिथं तू, मान खाली घालून. मी म्हणालो, ताई, पोरगी क्लास बुडवून राहिली, हाक मारू का? म्हणाली, नगं भाऊ, पान संपू द्या तिचं. मग हसत हसत क्लासच्या गेटावर जाऊन थांबायची.

विशाखा : आणि मी मागच्या गल्लीनं पळत तिथं जायचे. ती विचारायची, आज काय शिकवलं? मी सांगायचे, बायोलॉजी.

गुलाम रसूल : रोज?

विशाखा : रोज. मेडिकलला नंबर लागला नाही तेव्हा अण्णा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. ती त्यांना म्हणाली, पोरीनं लई वाचलंय, वाया न्हाई जायाचं. मला वाटलं, भोळी आहे.

गुलाम रसूल : अण्णांना हा पदर चालेल का?

विशाखा : मी सांगते त्यांना. त्या दुपारींचंही सांगते. एक मोठा काढा, फ्रेमसाठी. एक कार्डाएवढा.

गुलाम रसूल : कार्ड करणार?

विशाखा : नंबर राखून ठेवलाय तिच्यासाठी.

गुलाम रसूल : थोडा वेळ बस तिच्याजवळ. मी चहा सांगून येतो.

विशाखा : थांबा, चाचा. तुम्ही असतानाच बोलते. आई, ते बायोलॉजी नव्हतं. मी तिथं गोष्टी वाचत बसायचे. तुला ठाऊक होतं, आणि तू मला वाचू दिलंस.