बावीस डावे हातमोजे

टेबलावर लोकरीचे बावीस हातमोजे होते आणि बावीसही डाव्या हाताचे होते. एस्टोनियातल्या तार्तू शहराच्या नाताळबाजारात कॉफीच्या रांगेत उभ्या असलेल्या रीनाने ते दोनदा मोजले. टेबलामागे दोघी बहिणी हळू आवाजात भांडत होत्या.

"उजव्यांची पेटी कुठंय, माइमू?"

"मुहू बेटावर. स्वयंपाकघरात राहिली, ताई."

"जोडी बांधून आणायची असते."

"डावे मांडायचे, उजवे टेबलाखाली ठेवायचे, म्हणजे चोरी होत नाही. एकटा मोजा कोण चोरणार?"

"आणि विकत कोण घेणार? आवर आता. तरी म्हणत होते, घरीच विणत बस."

"नाही आवरणार. आज टेबल रिकामं राहिलं, तर पुढच्या वर्षी ही जागा मिळायची नाही."

"मग टेबलासमोरच्या त्या बाईंशी बोल. मघापासून बघताहेत."

"तू बोल ना."

"मोजे तुझे आहेत."

माइमूने घसा खाकरला.

"पत्ता दिलात तर... उजवा पोस्टाने पाठवीन."

"आणि तोवर?"

"तोवर उजवा हात खिशात ठेवा."

बाई पत्ता लिहू लागल्या. रांग पुढे सरकली.

अंधार पडताना रीना त्याच वाटेने परतली. टेबलावर सहा मोजे होते आणि सातवा ताईने डाव्या हातात घातला होता; तिचा उजवा हात खिशात होता.