परातीतल्या चाव्या

सकाळचे साडेदहा. खंडेनवमी. पूजेसाठी झेंडू तोडताना रोहिणीच्या पायाला नाग चावला.

टाळ थांबवा! आजच्या कीर्तनात पोथी बंद. मंडळी, ऐका. मला एवढंच सांगा — वाहन कशाला म्हणायचं? जे वेळेला उपयोगी पडतं त्याला, की जे दारात उभं करून मिरवता येतं त्याला?

आख्यान तुमच्याच गावातलं आहे. परवाचं!

त्या दिवशी वाहनपूजेला वेशीपासून देवळापर्यंत गाड्याच गाड्या! माणूस अंग चोरून जाईल एवढीच फट. दुचाक्या मोटारींच्या मधे कोंबलेल्या. आणि सगळ्यांच्या चाव्या एका परातीत, देवीपुढं, हळदीकुंकवात माखलेल्या. शिवणकाम करणारी मुक्ताताई कोरे आपली सायकल पुसून, हार घालून घेऊन आली. रोज त्याच सायकलवर ती तालुक्याला जाते. पेट्रोल नको, एसटीची वाट बघणं नको. पन्नाशी उलटली, पण गुडघा कुरकुरत नाही. देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष अण्णासाहेब खराडे तिला म्हणाले, "ताई, ही मागं लावा. फोटोत येतीय."

हसलात ना तेव्हा? आत्ताही हसताय! अहो, एवढा लंबोदर गणपती — उंदरावर बसतो! त्याला कुणी म्हणालं का, देवा, जरा शोभेलसं घ्या?

आणि तेवढ्यात बोंब उठली. रोहिणी म्हणजे याच अण्णासाहेबांची सून. घर देवळामागच्या बोळात, कालव्याला लागून. रुग्णवाहिका आली, पण वेशीबाहेरच अडकली; त्या फटीतनं स्ट्रेचरही जाईना. "गाड्या काढा!" अण्णासाहेब ओरडले. काढणार कशा? परातीत हात घातला — ही कुणाची? ती कुणाची? वर एक शहाणा म्हणतो, "आरती होऊ द्या, आज वाहन हलवायचं नसतं!"

बाई मरू दे, पण मुहूर्त मोडायचा नाही! वा रे भक्ती!

मुक्ताताई म्हणाली, "अण्णा, वहिनींना माझ्या मागं बसवा. कालव्याच्या बांधानं वेशीबाहेर काढते."

"खराड्यांची सून सायकलच्या कॅरियरवर? गाव काय म्हणंल?"

रोहिणी स्वतः म्हणाली, "मामा, मी बसते. मला जाऊ द्या."

"गप ऱ्हा तू! निघतीय गाडी."

मुक्ताताईनं पुन्हा विचारलं. पुन्हा नाही! इकडे चाव्यांची शोधाशोध चालूच. एक गाडी मागं घेतली तर दुसरी आडवी. रोहिणीच्या पापण्या मिटायला लागल्या. शब्द अडखळायला लागले. तेव्हा — तेव्हा कुठं सासऱ्यानं मान हलवली.

पुढं मुक्ताताई, मागं ओढणीनं तिच्या कमरेला बांधलेली रोहिणी, मागनं धरून पळणारा नवरा. बांध सायकलपुरताच रुंद. कुणाची चावी लागली नाही, कुणाला बाजूला हो म्हणावं लागलं नाही. बघता बघता रुग्णवाहिका गाठली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "इतका उशीर का केला?"

सांगा ना आता! काय सांगायचं त्यांना? फोटो काढत होतो?

अण्णासाहेब एकटे दोषी नाहीत. ते ज्या "गाव काय म्हणंल"ला भ्याले, ते गाव म्हणजे तुम्ही! शेजारच्या गिरणीतनं दळण आणायला तुम्ही मोटार काढता. पोरगं सायकलवर शाळेत गेलं तर तुम्हाला कमीपणा वाटतो. पायात बळ आहे, वाट हाकेवर आहे, आणि लाज कसली वाटते? पायडल मारायची! सायकलवर जाणाऱ्याला गरीब म्हणून हसता, आणि स्वतः दोन पावलं चाललात की धापा टाकता. उद्या सकाळी दूध आणायला कसे जाणार आहात? उत्तर मला नको. ज्याचं त्यानं स्वतःला द्या.

रोहिणीचं विचारता? दवाखान्यातनं आज संध्याकाळी निरोप आला. श्वासाची नळी अजून काढलेली नाही. नवऱ्यानं हाक मारली तेव्हा तिनं बोट हलवलं, असं तो म्हणतो. डॉक्टरांनी अजून काही सांगितलेलं नाही.