शेवट गोड हाय ना?

"हां, हॅलो. मधात बोलू नको, फक्त ऐक. या जगात राजावर भरोसा ठेवू नाई, प्रधानावर ठेवू नाई, अन् हिंगणीच्या शाळेत एका बाकावर बसलेल्या बाईवर तं सात जन्म ठेवू नाई! आजपासून तू माह्यासाठी मेली, मी तुह्यासाठी मेली. देवळी ते सिंदी रस्ता बंद! … अं? … कोण? … अगंबाई, भाऊजी तुम्ही काय? … नाई नाई, तुम्हाले नाई म्हटलं … हो, जेवण झालं. तुमचं? … म्हैस व्याली? वा वा! … वगार झाली? लक्ष्मी आली बाप्पा … हो, हो, द्या तिले फोन."

सिंदीहून फोन येईल म्हणून ही घोषणा जयवंताबाईंनी सकाळपासून तीनदा मनाशी म्हणून पाहिली होती. ती मैत्रिणीऐवजी तिच्या नवऱ्यावर, श्रावणभाऊंवर खर्च होईल, हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. श्रावणभाऊ दिवसाला चार वाक्यं बोलत, त्यातली तीन म्हशीशी. आज चौथं वाक्य जयवंताबाईंच्या वाट्याला आलं, आणि तेही म्हशीबद्दलच निघालं. आता तीच घोषणा त्यांच्या बायकोपुढे पहिल्यापासून करायची म्हणजे फुटलेला फटाका पुन्हा पेटवायचा. जयवंताबाई थेट मुद्द्यावर आल्या.

"भागी? … हां, मीच. … काल फोन काऊन नाई उचलला? काल मी रडून राह्यली होती, म्हणून. … अवं, ऐक ना! ऐक आधी. मी तुले काय विचारलं होतं? … राजपुत्र दिसाले कसा हाय, विचारलं? … तो गोराच असते, मालूम हाय मले. … महाल केवढा, विचारलं? … शेवट गोड हाय ना, एवढंच विचारलं. अन् तू काय म्हटलं? … 'गुळाच्या भेलीसारखा.' … म्हटलं! शेजारची वच्छलाबाई साक्षीले हाय. तिले बी मीच पाहाले लावली ही मालिका. कालपासून तिनं माह्याकडची खिडकी लावून घेतली. या उन्हात!"

तीन वर्षांचा रिवाज होता. कोरियातल्या जुन्या राजेरजवाड्यांच्या प्रेमाच्या मालिका, हिंदीत बोलणाऱ्या, आधी सिंदी रेल्वे गावच्या भागीरथाबाई पाहत. मग शिफारस करत. देवळीच्या जयवंताबाई तो एकच प्रश्न विचारत, आणि 'गोड' असं उत्तर आलं की दुपारी रोज एक भाग, चार वाजता फोन. अशा तेरा मालिका झाल्या. तेराही जोडप्यांची लग्नं झाली, दोन राज्यं वाचली. काल चौदावीचा सोळावा, म्हणजे शेवटचा भाग झाला.

"काय झालं म्हणजे? अवं, मेला तो! … कोण काय कोण, आपला जाळीच्या टोपीवाला राजपुत्र! … नाई, त्या कपटी डाव्या मंत्र्यानं नाई मारला. त्यानं सोताच वाटी उचलली. … विषाची, मंग काय चहाची? … कागद बनवणाऱ्या त्या पोरीसाठी. तू हे पेशीन, तं कागदवालीच्या बापाले सोडतो, म्हणे डावा मंत्री. … पांढरे कपडे घालून चटईवर बसला, महालाकडं तोंड करून नमस्कार घातला … अन् ते लेकाचं बर्फ पडूनच राह्यलं. … ती? ती दरवाजाच्या बाहेर. … नाई येऊ देलं आत. … हो, त्यानं देलेला लाकडी कंगवा तिच्याच हातात होता. … नाई व, तुटला नाई. … मंग काय, पाच वर्षं झाली म्हणून दाखवते, अन् ती तिथंच कागद वाळू घालून राह्यली …"

जयवंताबाई थबकल्या. भांडायला निघालेली बाई कथा सांगत बसली होती, आणि ज्या बाईनं ही मालिका महिन्यापूर्वी पाहिली ती पलीकडून शाळेतल्या पोरीसारखी 'मग, मग' करत होती.

"भागी. … एक मिनिट. ती कुठं होती, हे तू मले काऊन विचारून राह्यली? तू तं पाह्यलं ना? … विसरली? माह्या हळदीले कोणत्या बाईनं कोणतं लुगडं नेसलं होतं ते तुले आजबी सांगता येते, अन् हे विसरली? … बरं, सांग मंग, त्या कंगव्यावर काय कोरलं होतं? … फूल? … फूल नाई, बगळा! सोळाव्यात जवळून दाखवते तो. … खरं सांग, सोळावा पाह्यला तू? … जोरात बोल. … नाई?"

"अन् मंग ती जुळ्या राण्यांची? तिचा शेवट? … तो बी नाई? … वैद्यीणबाईची? … आंधळ्या तलवारवाल्याची? … एक बी नाई! … तेरा मालिका, अन् एकीचा शेवट पाह्यला नाई तू?"

जयवंताबाई पलंगावर बसल्या. राजपुत्र मेल्यावर त्या सोफ्यावर बसल्या होत्या. हा धक्का त्याहून मोठा होता. तेरा वेळा त्यांनी चार वाजता फोनवर शेवट रंगवून सांगितला होता, आणि तेरा वेळा पलीकडून 'हो ना व माय, तिथं तं मले बी रडू आलं' असं आलं होतं. डाव्या मंत्र्यालासुद्धा इतकं सफाईनं जमलं नसतं.

"मंग 'गोड' कशाच्या भरवशावर सांगे तू? … काय? … पाठकुळी? … पाचव्या भागाच्या आत त्यानं तिले पाठकुळी घेतलं का लग्न होतेच, हे तुले कोणी सांगतलं? … तूच काढलं. वा बाई! … हो, याच्यात दोनदा घेतलं, पाह्यलं मी. एकदा नदीतून, एकदा चिखलातून. … अस्सं, दोनदा म्हणून भेलीसारखा!"

"अवं, पाठकुळी घेणारा माणूस मरत नाई काय? … रूपरावांनी मले घेतलं होतं. बोर धरणावर. लग्नाच्या पह्यल्या साली, चप्पल तुटली तं. … हसू नको. … तुले सांगतलं नवतं, कोणालेच नाई सांगतलं. … हो. घेतलं होतं पाठकुळी. गेले ना तरी?"

"… म्हणून विचारतो मी शेवट. एक शेवट पाह्यला मी. दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून, एकवीस दिवस. तेवढा पुरला मले. तसाच पुन्हा टीव्हीवर काऊन पाहू? … तुले मालूम होतं हे. तुले एकलीलेच मालूम होतं, भागी. अन् तू चिखलातल्या पाठकुळीवर सांगून देल्लं."

सिंदीच्या स्टेशनातून मालगाडी निघाली असावी. तिचा खडखडाट फोनमधून बराच वेळ येत राहिला. डबे संपेपर्यंत जयवंताबाईंनी पदरानं डोळे पुसून घेतले. मालगाडी लांब होती म्हणून बरं झालं.

"… हां, हाय मी. बोल. … पण काऊन? पंधरा भाग पाहाचे अन् सोळावा सोडाचा, हे काय? … संपते म्हणून? … अवं, संपाचंच असते ते. … हो, तुही पोरगी नंदिनी पुण्याले गेल्यापासून घर खाले उठते, मालूम हाय. भाऊजी बोलत नाई, ते बी मालूम हाय. त्याहीले म्हैस तरी हाय. … मंग? … शेवट मी सांगतो तेव्हाच ऐकाचा? … माह्या तोंडून? … चाल, खोटं नको बोलू. … माह्या तोंडून काय गोड लागते त्यात? मी तं अर्धा वेळ नाक पुसत सांगतो. …"

"… आता तू नको रडू. रडाचा मान आज माहा हाय. … नाई, माफ नाई केलं. … नाई म्हटलं ना! वच्छलाबाईची खिडकी कोण उघडन? … ऐक, तुले शिक्षा हाय. सोळावा पाह्य. आजच, आत्ता. … एकली नाई व. मी बी इथं लावतो पुन्हा. फोन चालू ठेवून. … वाटी आली का मी 'आली' म्हणतो, तू डोळे मिट. … मी काऊन मिटू? माह्यं पाहून झालं. … भाऊजींले बी बसव. म्हैस कुठं पळून नाई जात."

आता एकच अडचण होती. संबंध तोडताना जयवंताबाईंनी काम अर्धवट ठेवलं नव्हतं. मालिका दिसायच्या त्या भागीरथाबाईंच्या खात्यावर. नंदिनीनं ते आईच्या मोबाईलच्या नंबरावर काढून दिलं होतं. काल संध्याकाळी जयवंताबाईंनी आपल्या टीव्हीवरून ते खातंही ताठ मानेनं काढून टाकलं. आज फोन वाजला तेव्हा, गेला अर्धा तास, त्या तेच पुन्हा जोडायची खटपट करत होत्या. हे बोलून दाखवण्याची त्यांना गरज वाटली नाही. फोन खांद्याला धरून त्यांनी रिमोटचं बटण दाबलं.

"बरं, भागी … तुह्या मोबाईलवर आकडे आले काय आत्ता? सहा. … चोर नाई व, मीच होय. … असंच. टीव्हीनं मागतले. … बँकेचे नाई, टीव्हीचे. … कोणालेच सांगू नको म्हणते नंदिनी? बरोबर म्हणते पोरगी. … भरोसा? आता तू मले भरोशाचं विचारून राह्यली? … हां. … हां, थांब, चष्मा घेतो. … हां, आता सांगजो. दोन-दोन करून, हळूहळू."