भरल्या ताटाकडे पाठ का?

भरलेले ताट । भुकेला पाहुणा ।
घास का घेईना । सांगा कोणी ॥

मंडळी, ऐका! आज देवाला जरा विसावू द्या आणि माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. माणूस भुकेला आहे. समोर ताट वाढलंय – गरम भात, वर आमटी, कडेला लोणचं. पैसा नको, अडका नको. आणि तो माणूस ताटाकडे पाठ फिरवून चालता होतो! का बरं? वेडा आहे? गर्विष्ठ आहे? की ताटातच काही खोट आहे?

काकू, तुम्ही लगेच मान डोलावलीत. कळलं उत्तर? नाही ना! मग सावकाश डोलवा.

तर एका नदीकाठी एक विद्यापीठ होतं. नाव विचारू नका – कुलगुरू आपल्याच कीर्तनाला येतात, असं कुणाला वाटायला नको! तिथे कर्मचारी कल्याण विभागात रेवती कुलथे नावाच्या नव्या अधिकारी आल्या. तरुण वय, डोळ्यांत चमक, आणि एक खोड – कुठलीही गोष्ट 'असंच असतं' म्हणून सोडायची नाही. 'असं का?' विचारायचंच.

महागाई तेव्हाही आजच्यासारखीच होती. तूरडाळ सोन्याशी सोयरीक जुळवत होती. कुलगुरू शेंडकर मनाने भले. म्हणाले, "आपल्या माणसांना दुपारचं जेवण विद्यापीठाकडून! फुकट!" भोजनगृहाच्या एका अंगाला वेगळी खिडकी पाडली, वर पाटी लावली – 'महागाई साहाय्य भोजन. फक्त पात्र कर्मचाऱ्यांसाठी.'

पहिला दिवस. खिडकी उघडली. आचारी पळी घेऊन उभा. आणि रांगेत कोण? एक मांजर!

दुसऱ्या दिवशीही तेच. मांजर मात्र बाळसं धरायला लागलं.

कुलगुरू चिडले. "कुलथे बाई, लोकांना गरजच नाहीये. महिनाअखेरपर्यंत वाट बघू, मग ही योजना बंद."

दुसरी कुणी असती तर 'बरं सर' म्हणून मोकळी झाली असती. पण रेवतीबाईंच्या डोक्यात भुंगा शिरला – असं का? निघाल्या विचारत. "काका, जेवायला का नाही आलात?" "आज सोमवार, शंकराचा उपवास." "मावशी, तुम्ही?" "मंगळवार ना उद्या, आजपासूनच धरलाय." गुरुवारी दत्त, शुक्रवारी देवी, शनिवारी मारुती! अहो, विद्यापीठ म्हणायचं की चातुर्मास? तेहेतीस कोटी देवांनी मिळून एक खिडकी बंद पाडली!

त्यात होते भागुजी थिटे. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. सगळे त्यांना मामा म्हणायचे. गेल्याच वर्धापनदिनी त्यांना 'गुणवंत कर्मचारी' म्हणून शाल मिळाली होती. भरलं सभागृह, टाळ्यांचा कडकडाट! हेच मामा रेवतीबाईंना दुपारी हरितगृहामागे दिसले. नळाखाली ओंजळ धरून पाणी पीत होते. पीत होते, थांबत होते, पुन्हा पीत होते. मंडळी, तहानेचं पाणी एका दमात संपतं. भुकेचं पाणी थांबत थांबत प्यावं लागतं.

बाईंनी ओळखलं. दुसऱ्या दिवशी घरून डबा आणला आणि हळूच मामांच्या टेबलावर ठेवला. "मामा, जास्तीचं झालंय. घ्याल का?"

मामांनी दोन्ही हातांनी डबा उचलला. "बरं मॅडम," म्हणाले.

आणि सकाळी डबा परत आला – कसा? हादग्याच्या फुलांनी शिगोशीग भरून! पांढरी, दवाने ओली, जणू चांदण्याच्या कळ्या. रेवतीबाई हरखल्या. वाटलं, जिंकलं आपण! पुन्हा डबा दिला. तो आला लिंबं घेऊन. पुन्हा दिला. आणि त्यानंतरच्या दिवशी – ना डबा, ना मामा. प्रयोगशाळेला विचारलं तर रजेचा निरोप.

आता सांगा, जेवण घातलं म्हणून माणूस कामावरून गायब होतो का? पेटीवाले, तुम्हाला रोज जेवू घातलं तर तुम्ही पळून जाल? – नाही म्हणतात! बघा, आणखी वाढा म्हणतात!

बाई थेट मामांच्या घरी गेल्या. वस्तीच्या टोकाला दोन खोल्या. दारात हादग्याचं झाड, पण वर बघितलं तर फांद्यांवर नुसती पानं. फुलं संपलेली. मामांची बायको अनसाबाई अंथरुणावर उठून बसली. बरेच महिने दुखणाईत.

"या बाई. तुम्हीच का त्या डब्याच्या? लई गुणाचा हात तुमचा. रात्रीच्या गोळ्या मी तुमच्याच जेवणावर घेते."

रेवतीबाई अंथरुणाशी खाली बसल्या. "म्हणजे... मामा नाही जेवत?"

"ते? ते तर हापिसात जेवतात म्हणे, खिडकीवर."

अगं माये! विद्यापीठात सांगायचं 'उपवास', घरी सांगायचं 'जेवलो'. दोन्हीकडे भूक नसल्याची बतावणी, आणि मधे पाण्याची ओंजळ!

"आज कुठे गेलेत?"

अनसाबाईंनी कोपऱ्यातल्या डब्याकडे बोट केलं. घासूनपुसून लख्ख केलेला. "सकाळधरनं कालव्याच्या कडंला गेलेत, घोळीची भाजी खुडायला. झाडावर फुलं नाही उरली. आता तुम्हीच सांगा बाई, भरून आलेलं भांडं रिकामं कसं धाडायचं? घर गरीब असंल, पण रीत तर आहे ना?"

मंडळी, कळलं का? शेजारीण वाटीभर खीर देते. ती वाटी आपण रिकामी परत देतो का? गुळाचा खडा तरी घालतो, साखरेची चिमूट तरी घालतो. हे आपल्याला आईच्या मांडीवर शिकवलेलं. रेवतीबाईंनाही शिकवलेलं! पण खुर्चीवर बसलं की आईची मांडी आठवते कुणाला? बाई जेवण देत नव्हत्या, मामांच्या अंगावर रोज नवं ओझं टाकत होत्या. एका भांड्याच्या लाजेपायी त्या माणसाची एक रजा गेली!

तेवढ्यात मामा आले. पाय चिखलाने भरलेले, उपरण्यात भाजी. बाईंना बघून जागच्या जागी थिजले.

"मामा," बाईंनी विचारलं, "खिडकीवर का नाही आलात हो?"

मामा खाली बघून म्हणाले, "मॅडम, ज्यांनी मला शाल पांघरताना टाळ्या वाजवल्या, तेच तिथं बाजूला जेवत असतात. त्यांच्या देखत त्या पाटीखाली उभा राहू? त्यापेक्षा तुम्ही ती शाल परत न्या. मग येतो."

एका हाताने मान दिला, दुसऱ्या हाताने घास दिला, आणि दोन्ही हात एकमेकांना भिडल्यावर माणूस मधेच चिरडला! कुठल्या शास्त्रात सापडणार हे?

बाई तडक कुलगुरूंकडे. "सर, खिडकी बुजवा. पाटी काढा. सगळ्यांची एकच रांग, एकच पंगत."

"अहो, मग ज्यांना गरज नाही तेही जेवतील!"

"जेवू देत. गरज कुणाला, हे ताटावर लिहायचं नाही. आणि दाराशी एक मेज ठेवू – वानवळ्याचं. ज्याला जे आणावंसं वाटेल ते त्याने आणावं. नाही आणलं तरी कुणी विचारणार नाही."

कुलगुरू हसले. "चला, म्हणजे कोथिंबिरीच्या काडीने महागाई हटली!"

"नाही सर. काडीने मान राहील. महागाईसाठी खालच्या वेतनाच्या सगळ्यांना जी मदत मंजूर आहे, ती पगारातच घाला. अर्ज नको, रांग नको. हात पसरल्याशिवाय हातात पडू दे. आणि पहिल्या दिवशी पंगतीला तुम्ही यायचं."

"मी? अहो, मला आज –"

"उपवास का सर?"

कुलगुरू मोठ्याने हसले, आणि मग एकदम गप्प झाले. मंडळी, हसताहसता गप्प झालेला माणूस बहुतेक वेळा समजलेला असतो.

पंगत बसली. मेजावर काय काय आलं! कुणाची तिळाची चटणी, कुणाच्या परसातली अळूची पानं. कुलगुरू घरून लोणचं घेऊन आले आणि कुणी बघितलं का म्हणून चोरून बघत बसले! भागुजीमामा आले ते सगळ्यांत शेवटी. घोळीची जुडी मेजावर ठेवली. रेवतीबाई दारात उभ्या. मामा बसतात की वळतात?

मामा बसले. कोण बघतंय, हे न बघता पहिला घास उचलला. दुसरा उचलला. आणि मग मान वर करून आचाऱ्याला हाक मारली –

"अरे, ही आमटी आहे का नळाचं पाणी? जरा तिखट घालत जा की!"

आचारी ओरडला, "मामा, उद्या तुम्हीच या फोडणीला!"

पंगत हसली. रेवतीबाई भिंतीकडे तोंड करून रडल्या. का रडल्या? दुःखाने? छे! ज्याला भीक मिळते, तो आमटीला नावं ठेवत नाही हो. नावं ठेवतो तो घरचा माणूस! मामा त्या दिवशी नुसते जेवले नाहीत, घरचे झाले.

आता वळतो तुमच्याकडे. खाली बघू नका! तुम्हीही देता. दिवाळीला मोलकरणीला साडी देता, वॉचमनला उरलेलं जेवण देता. देता ना? चांगलं करता. पण ती साडी तिला आवडली नाही, असं ती तुमच्या तोंडावर म्हणू शकते का? शिळी पोळी वॉचमन 'नको' म्हणू शकतो का? म्हणू शकत नसेल, तर तुमच्या दारातही एक खिडकी आहे. आणि वर पाटी आहे. तुम्हाला दिसत नाही, कारण ती बाहेरच्या बाजूने लावलेली असते.

उद्या सकाळी मावशी कामाला आल्या की विचारा, "मावशी, भाजी चाखून बघा, कशी झालीय?" आणि त्या 'अळणी' म्हणाल्या, तर रागावू नका. मीठ त्यांच्याच हाताने घालायला सांगा.

देणाऱ्याचा हात । उघडा असावा ।
घेणारा बसावा । ताठ माने ॥