चौथी ताटली

सन्माननीय अध्यक्ष पद्माकर गजभिये सर, प्रमुख पाहुण्या सुधाताई वासनिक, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे माझ्या सासूबाई मीराबाई मेश्राम, त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या थाई शेजारीण प्राणीताई, आणि लुडविग्सहाफेन-मानहाइमहून आलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना सविनय जय भीम.

सासूच्या निरोपाला सुनेनं बोलावं, ही कल्पना सरांची. "पाचच मिनिटं बोल, पण खरं बोल," असं त्यांनी बजावलंय. या दोन अटी एकत्र कशा पाळायच्या, हे मात्र सांगितलं नाही.

आधी नावाचा खुलासा. प्राणी हे आपल्या कानाला कसं लागतं, ते मला माहीत आहे. थाई भाषेत त्याचा अर्थ दया. पण एका भल्या बाईला प्राणी म्हणून हाक मारायला आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, जीभ रेटेना. त्यांनी पहिल्याच दिवशी बारसं करून टाकलं: प्रणिताबाई. माझा नवरा विपुल आत्ता त्यांच्या कानात हे सगळं जर्मनमध्ये सांगतोय, म्हणून मी जरा जपूनच बोलते.

आई पहिल्यांदा इथे जर्मनीत आल्या २००५ साली, मार्चमध्ये. भंडाऱ्याहून आम्ही त्यांना बोलावलं ते नातीला सांभाळायला. आणि दैवयोग बघा, ज्या किटाच्या, म्हणजे इथल्या पाळणाघराच्या, यादीत आम्ही दीड वर्ष ताटकळत होतो, तिथे आई आल्यावर पंधराव्या दिवशी जागा मिळाली. नात सकाळी आठला बाहेर. तिला सोडून विपुल आणि मीही कामावर. घरात आई, फ्रिजमध्ये चीज, आणि टीव्हीवर जर्मन.

प्राणीताई त्यांना भेटल्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीत. मशीनमध्ये कपडे भरता भरता आई सवयीनं म्हणत होत्या, "बुद्धं सरणं गच्छामि." मागून आवाज आला, "धम्मं सरणं गच्छामि." दोघींचा उच्चार वेगळा, पण ओळख पटली. आता पालीत वंदना होते हो, पण "मीठ द्या" कसं म्हणणार? "पोट भरलं" कसं म्हणणार? खरा घोटाळा तिथेच झाला.

दोनच दिवसांनी प्राणीताईंनी आईंना दुपारी जेवायला बोलावलं. भात, मासळीचा रस्सा, कच्च्या पपईची जहाल तिखट कोशिंबीर. आईंनी ताटली स्वच्छ केली. आपल्याकडे अन्न टाकलेलं चालतं का? प्राणीताईंनी लगेच पुन्हा वाढलं. वाढलेल्याला नाही म्हणायचं कसं? आईंनी तेही संपवलं. तिसऱ्यांदा वाढलं, संपवलं. चौथ्यांदा वाढलं, तेही संपवलं. पुढचे दोन दिवस आई ओव्याच्या पाण्यावर होत्या.

तिसऱ्या दिवशी प्राणीताईंनी मला जिन्यात गाठलं. आवाज अगदी मऊ, पण प्रश्न सरळ: "तुमच्या सासूबाईंना घरी जेवायला मिळत नाही का?"

सभागृहातल्या सुनांनो, माझी अवस्था तुम्हीच समजू शकाल. त्या दिवसापासून रोज दुपारी आमच्या दारात डबा येऊ लागला. संपूर्ण इमारतीत मी सासूला उपाशी ठेवणारी बाई झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी तर आईंसाठी केक आणून दिला आणि माझ्याकडे न बघताच गेल्या.

परतफेड म्हणून आईंनी प्राणीताईंना बोलावलं. पाटोडीचा रस्सा केला, भंडाऱ्याहून आणलेल्या बेसनाचा. त्या चवीनं जेवल्या, घाम पुसत जेवल्या, आणि शेवटी दोन घास भात नि एक पाटोडी तशीच ठेवून हात जोडून उठल्या. आई ती ताटली घेऊन स्वयंपाकघरात उभ्याच राहिल्या. "आवडलं नाई तं सांगाचं होतं न," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून डब्यासाठी दार उघडणं बंद.

तीन आठवडे हे चाललं. व्हिसा होता तीन महिन्यांचा, आणि या देशात आईंना दुसरी मैत्रीण नव्हती. शेवटी मीच प्राणीताईंना पत्रपेट्यांपाशी थांबवलं आणि विचारलं, "त्या दिवशी पाटोडी का टाकलीत?"

त्या गोंधळल्या. "अहो, थोडं ठेवलं की पोट भरलं असा अर्थ. ताटली रिकामी म्हणजे अजून भूक आहे."

"आमच्याकडे उलटं आहे. टाकलं म्हणजे आवडलं नाही."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे त्यांना चौथी ताटली नको होती?"

"दुसरीसुद्धा नको होती."

त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही बसले. माझी अब्रू परत मिळाली होती, मी का हसणार नाही?

घरी येऊन मी आईंना सगळं मोठ्या उत्साहानं सांगितलं. मला वाटलं, त्याही हसतील. त्या मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "भूक तं नव्हतीच वं, दीपा. पण उठली असती तं घरी या लागलं असतं. घरी कोण होतं?"

मी रसायनशास्त्रज्ञ आहे. गोंद किती चिकटतो ते मोजून पगार घेते. माझ्याच घरातलं एवढं मला मोजता आलं नव्हतं. प्राणीताईंचा प्रश्न चुकीचा नव्हता. मीच त्याचं चुकीचं उत्तर देत फिरत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे बुधवारच्या अर्ध्या सुट्टीचा अर्ज केला. तेव्हापासून आई इथे असतात ते तीन महिने मी बुधवारी दुपारी घरी असते. चार उन्हाळे झाले. बुधवारी आम्ही तिघी जेवतो, आणि कुणाचं पोट भरलं हे हातानं पोट दाखवून सांगतो.

आता गुडघ्यांना विमान झेपत नाही, म्हणून आई कायमच्या निघाल्या आहेत. आई, तुम्ही विचारलं नाही, पण सांगून ठेवते. अर्ज मी मागे घेतलेला नाही, उलट बाराही महिन्यांचा केलाय. येत्या बुधवारी प्राणीताई एकट्या जेवणार नाहीत, आणि मीही.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल ऋणी आहे. घरच्या गोष्टी चारचौघांत बोलताना काही कमीजास्त झालं असेल, तर थोरांनी पोटात घालावं, आणि सासूबाईंनी आधी. जय भीम.