तोफूवाल्याची पिपाणी

नाव शिओनो हिसाए, वय त्रेसष्ट, धंदा तोफू करून विकणे, राहणार मिनेसावा, जुन्या गिरणीच्या पुलाजवळ.

आज ठाण्यात स्वतः हजर होऊन, हवालदार नेगोरो यांनी विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती इवाओ यांच्यासोबत राहते. पहाटे आम्ही सोयाबीनचा तोफू करतो आणि सकाळी व्हॅनमधून खोऱ्यातल्या वस्त्यांवर विकतो. वस्ती आली की पती खिडकीतून पिपाणी वाजवतात. ती ऐकून बायका भांडं घेऊन रस्त्याच्या कडेला येतात. सासऱ्यांच्या वेळेपासून असंच चाललं आहे. गेल्या नोव्हेंबरपर्यंत व्हॅन पती चालवत. आता मी चालवते.

का, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. तरी लिहून घ्या. नोव्हेंबरात घाटात आमच्या पुढे एक गाडी होती. तिच्या टपावर सायकल बांधलेली होती आणि तिचा पट्टा सुटून लोंबत होता. पतींनी हेडलाइट मारले, हॉर्न दिला. गाडीवाला थांबेना, म्हणून जवळ जाऊन पुन्हा दिला. तो शहरातला मुलगा होता. त्याच्या मागच्या कॅमेऱ्यात आमची व्हॅन दिसली, टपावरचा पट्टा कुठून दिसणार? त्याने ते चित्रण ठाण्यात आपल्याकडे पाठवलं आणि मोबाइलवर सगळ्या जगाला दाखवलं. आमच्या दुकानाचं नाव व्हॅनवर लिहिलेलंच होतं.

पती मिठाईचा डबा घेऊन त्या मुलाच्या घरी गेले, दारात वाकले आणि म्हणाले, "तुम्हाला फार त्रास झाला." झालं. तोच गुन्ह्याचा कबुलीजबाब ठरला. आपण तेव्हा विचारलंत, "चूक नव्हती तर मिठाई कशाला नेलीत?" नेगोरोसाहेब, आपल्या घरून कुणी कधी नेली नाही का? दोष कुणाचाही असो, माणूस दुखावला की डबा नेतात. पुढची गाडी मागून रेटली म्हणून पतींचा परवाना रद्द झाला.

मागून गाडी रेटणाऱ्यांविरुद्धच्या आपल्या मोहिमेबद्दल विचारता म्हणून सांगते. माझा मोहिमेला विरोध नव्हता. त्याच घाटात एका बाईच्या गाडीला मागून रेटत रेटत कठड्यावर घातलं होतं, ते मी विसरले नाही. सभागृहात आपण 'चित्रण चालू आहे' असे स्टिकर वाटलेत तेव्हा मी पुढे जाऊन घेतला आणि टाळ्याही वाजवल्या. नंतर त्याच लोकांनी आमच्या व्हॅनकडे मोबाइल रोखले. केस कापणारी मात्सुए मला तोंडावर म्हणाली, "बरं झालं हो, असल्यांना अद्दल घडायलाच हवी." मी तिच्याकडे अर्धेच केस कापून उठून आले. वरच्या वस्तीवरच्या बायका बाजारातला पाकीटबंद तोफू घेऊ लागल्या. खालच्या वस्तीवर मिनोवाबाई मात्र रोज घेत राहिल्या. म्हणायच्या, "इवाओ कुणाला रेटणार? त्याला स्वतःची बायको रेटवत नाही."

घटनेच्या दिवशी सकाळी पुलापासून आमच्या पुढे एक छोटा मालवाहू टेम्पो होता. बर्फाचे टायर काढून साधे बसवायचे ते दिवस. आमच्याकडे हे काम सगळे घरीच करतात आणि थोडं चालवून झालं की नट पुन्हा आवळायचे असतात, ते पुष्कळजण विसरतात. टेम्पोचं मागचं डावं चाक डुगडुगत होतं. ते आम्ही दोघांनी पाहिलं. टेम्पोच्या पाठीवर आपला स्टिकर होता, तोही पाहिला.

पती म्हणाले, "हिसाए, चाक बघ त्याचं. लाइट मार."

मी म्हणाले, "नाही मारणार."

"अगं, निखळेल ते. हॉर्न तरी दे."

"घरात आता एकच परवाना उरलाय. तो गेला की तोफू काय डोक्यावर वाहायचा? गप्प बसा."

हे माझे शब्द आहेत, जसेच्या तसे लिहा. मी वेग कमी केला आणि अंतर ठेवलं, मोहिमेच्या आपल्या पत्रकात सांगितलंय तसं.

तेव्हा पतींनी पिपाणी घेतली, खिडकीतून अंग बाहेर काढलं आणि वाजवायला लागले. विकताना वाजवतात तशी नाही, जीव तोडून. पिपाणी वाजवणं कायद्यात बसत नाही असं कुठे लिहिलेलं नाही. टेम्पोवाल्याने आपल्याला सांगितलं की पिपाणी ऐकू आली होती, पण तोफूवाला आला असेल असं वाटलं. त्याचं काय चुकलं? खोऱ्यात कुणालाही तेच वाटतं.

खालची वस्ती आली हे माझ्या लक्षात आलं नाही. पतींचे डोळे चाकावर होते. पहिलं घर मिनोवाबाईंचं. त्या एप्रन बांधून, निळं भांडं घेऊन कडेला आल्या आणि आमच्याकडे बघून हात वर केला. त्याच वेळी चाक निखळलं आणि त्यांच्याच दिशेने गेलं.

पुढचं आपल्या पंचनाम्यात आहे. ते मी पुन्हा सांगणार नाही.

पती त्या दिवसापासून एवढंच म्हणतात की, "मी बोलावली तिला." जेवत नाहीत. सोयाबीन भिजत घातलेलं होतं, ते आंबून गेलं. त्यांनी आपल्यालाही तेच सांगितलं असणार. ते धरू नका. हॉर्न माझ्या हाताखाली होता आणि मी तो दिला नाही. जे काही लावायचं ते मला लावा.

हॉर्न दिला असता तर टेम्पोवाला थांबला असता का, असं आपण विचारता. मला माहीत नाही. थांबून त्याने आमचं चित्रणही केलं असतं. पण मिनोवाबाई घरातच राहिल्या असत्या. हॉर्न ऐकून कुणी भांडं घेऊन बाहेर येत नाही.

पिपाणी आपल्याकडे जमा आहे. ती परत नको.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, फक्त एक वाक्य मी बदलायला लावलं. साहेबांनी 'मिनोवाबाई अचानक रस्त्याकडेला आल्या' असं लिहिलं होतं. त्यातला 'अचानक' खोडला आहे. त्या रोजच्यासारख्याच आल्या. आता बरोबर आहे, म्हणून खाली सही करून अंगठा देते.

शिओनो हिसाए